चतुःसीमा

ज्यांच्या नावाची पाटी आमच्या शाळेवर आहे, त्यांच्या नातवाच्या हातून मी रजिस्टर ओढून घेतलं. ही नोव्हेंबर 2023 मधली गोष्ट. अजून ती माझ्या मनातून जात नाही.

मराठ्यांना कुणबी म्हणून ओबीसी दाखला मिळावा यासाठी जुन्या नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम मराठवाड्यापुरतं न राहता राज्यभर सुरू झालं होतं आणि 1967 पूर्वीच्या कुणबी नोंदी शोधायचा आदेश शाळांना आला होता. आमची जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक दोन. 'आज पाचपर्यंत एक्सेलमध्ये भरून पाठवा' असा मेसेज टाकणाऱ्यांनी जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची वही, कधी हातात धरलेली नसावी. पान जोरात उलटलं तर त्याचा कोपरा हातात येतो. आमचं सगळ्यात जुनं रजिस्टर मोडी लिपीत आहे. आधी पानभर रेघ ओढायची आणि मग टाक न उचलता त्या रेघेला अक्षरं लटकवत जायची, अशी ती लिहिण्याची रीत. मोडी मी दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत शिकले. त्या आठवड्यात केंद्रातल्या तीन शाळांची रजिस्टरं माझ्याकडे वाचायला आली, याचा मला अभिमान वाटतो. तेवढे दिवस माझी तिसरी-चौथी मात्र पाढे पाठ करत बसली.

आबा आले ते नातीसाठी. ती बारावीला होती. शाळा त्याआधीची, पण ही जागा त्यांच्या आजोबांनी 1941 साली लोकल बोर्डाला दिली आणि वर्गखोल्यांचा दगडही स्वतःच्या खाणीतून आणून टाकला. आबांच्या वडिलांची नोंद सापडली, 1937 ची. जातीच्या रकान्यात 'मराठा'. त्याच रजिस्टरात तीन वर्षं आधी, त्याच आडनावाच्या, भावकीतल्या एका मुलापुढे 'कुणबी'. हस्ताक्षर वेगळं, हेडमास्तर वेगळे. पालकाने सांगितलं किंवा मास्तरांनी गृहीत धरलं, तसं लिहिलं गेलं. त्या एका शब्दावर पुढे काय अवलंबून राहणार आहे, हे त्या दोघांपैकी कुणाला माहीत असणार?

आबांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. म्हणाले, "बाई, मोडी तुमच्याशिवाय कोण वाचतंय इथं?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. जनरल रजिस्टर हे कायम जतन करायचं दप्तर. त्यात खाडाखोड चालत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेशिवाय काना-मात्राही बदलता येत नाही. मी रजिस्टर ओढलं आणि म्हणाले, "आबा, हे माझ्याच्यानं होणार नाही." आवाज चढला होता. समोरच्या भिंतीवर त्यांच्या आजोबांचा फोटो. आबा काही न बोलता टोपी नीट करून उठले.

त्या रात्री झोप लागली नाही. नकार योग्यच होता, त्याबद्दल मनात शंका नाही. पण मीही कारकुनासारखीच बोलले. 'कुणबी' नोंद असलेल्या त्या मुलाशी नातं शाबीत झालं, तर भावकीतल्या नोंदीवरूनही वंशावळ जोडून अर्ज करता येतो, हे मला ठाऊक होतं. अडचण अशी की त्या घरातलं आता गावात कुणी उरलेलं नाही आणि जुन्या कागदावर नातं लिहिलेलं सापडत नव्हतं.

सकाळी पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्या बाजूला करून मी लोखंडी कपाट उघडलं. शाळेचे जागेचे कागद तिथे असतात. ऑडिटच्या वेळी साहेब फक्त सात-बारा मागतात. त्याखालचं बक्षीसपत्र मी इतक्या वर्षांत एकदाही सबंध वाचलं नव्हतं. स्टँप पेपर, दुय्यम निबंधकाचा शिक्का, मजकूर मोडी. शेवटी जागेची चतुःसीमा. पूर्वेस गाडीवाट, दक्षिणेस ओढा आणि पश्चिमेस 'आमचे चुलतबंधू' अमुक यांची जिराईत जमीन. नाव तेच, 'कुणबी' नोंद असलेल्या त्या मुलाच्या बापाचं.

मी तशीच आबांच्या घरी गेले. देवनागरी लिप्यंतर करून दिलं आणि निबंधक कार्यालयातून नक्कल काढायला दस्त क्रमांक लिहून दिला. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. "चहा घ्या," एवढंच म्हणाले.

प्रकरण प्रांत कार्यालयात गेलं. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दर 15 ऑगस्टला आबा मुलांसाठी बुंदीचे लाडू आणतात. पूर्वी झेंडावंदन झालं की ऑफिसात येऊन आजोबांच्या फोटोला हार घालायचे. आता हार मुलांच्या हाती पाठवतात आणि स्वतः व्हरांड्यात उभे राहतात.