रामटेक ‘जवळच तर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

डाव्या पोटरीला बाम चोळून बसलोय. क्लच दाबून दाबून पाय भरून आलाय, झोप येत नाही, म्हणून आजच लिहून टाकतो. उद्या राग निवला की मी सगळ्यांना माफ करून टाकीन आणि सांगायचं ते राहूनच जाईल.

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची या मोसमातली शेवटची ड्राइव्ह आज झाली. नागपूरच्या झिरो माईलपासून रामटेक, तिथून खिंडसी तलाव आणि परत. निरोप आला होता, ‘पन्नास किलोमीटर, सपाट रस्ता, कुठलीही गाडी आरामात जाते, दोन वाजता घरी.’ यातले पन्नास किलोमीटर तेवढे खरे. मी घरी पोचलो साडेसहाला. सपाट रस्ता संपतो तिथून पुढे राममंदिराचा गड चढायचा आहे, हे निरोप लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळलं होतं. त्याच्याकडे जीप आहे. जीपवाल्यांना चढ दिसत नाही.

माझी गाडी १९६७ ची फियाट डिलाइट, वडिलांची. १०८९ सीसी, गिअरची दांडी स्टिअरिंगला, चारही चाकांना ड्रम ब्रेक, हँडब्रेक नावापुरता. पहिला गिअर गाडी पुरती थांबल्याशिवाय पडत नाही, टाकलाच तर दातओठ खाल्ल्यासारखा आवाज करतो. ज्यांनी ही गाडी चालवली आहे त्यांना पुढचं निम्मं इथेच कळलं असेल.

हजेरी सकाळी सहाची होती. म्हणजे साडेसातची. झिरो माईलच्या चार घोड्यांच्या पुतळ्यांसमोर गाड्या लागल्या: एक लँडमास्टर, दोन अँबेसिडर, एक हेराल्ड, दोन विलीज जीप, मॉरिस मायनर, माझी फियाट आणि तीन जावा मोटरसायकली. इंग्रजांच्या काटेकोर हिशेबाने व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० च्या गाड्या. त्या हिशेबाने आमच्यात एकही व्हिंटेज नाही. पण आपल्याकडे सरकारी नियम पन्नास वर्षांचा, आणि पन्नाशी आमच्या सगळ्याच गाड्यांनी ओलांडलेली आहे, मालकांपैकीही बऱ्याच जणांनी.

तर्री पोहे खाताना नेहमीचा वाद झाला, व्हीए नंबर घ्यायचा की नाही. नव्या लोकांसाठी सांगतो. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची, मुळातून फार न बदललेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, नंतर ५,०००. पण मग ती गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामांसाठी रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला बंदी. माझं मत विचाराल तर गाडी उभीच राहणार असेल तर घ्या. मी फियाट घेऊन रविवारी सदरला भाजी आणायला जातो, त्यामुळे मी घेणार नाही. लँडमास्टरवाले काका यावर अर्धा तास बोलले. ऊन तोवर वर आलं. आजच्या सगळ्या भानगडीचं मूळ या अर्ध्या तासात आहे, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

एलआयसी चौकातून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत उड्डाणपुलावरूनच जा. खालून जाल तर सिग्नलला सिग्नल, आणि प्रत्येक सिग्नलला कुणीतरी काच खाली करून ‘विकता का’ विचारणार. पुढे कामठी, कन्हानचा पूल, मग जबलपूर रोड. इथे पन्नासच्या वर जाऊ नका आणि डावी बाजू सोडू नका. ट्रक शेजारून गेला की फियाट हातभर सरकते. मनसरला उजवीकडे वळलं की रामटेक आलंच. या रस्त्याबद्दल तक्रार नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

आता गडाबद्दल.

मंदिराजवळपर्यंत डांबरी रस्ता आहे. कारने पाच-सात मिनिटांचा. नव्या गाडीत बसून गेलात तर चढ होता हे लक्षातही राहणार नाही, आणि नेमकं असंच जाऊन आलेले लोक ‘सपाट’ म्हणतात. जुन्या गाडीला लांबी मारत नाही, थांबणं मारतं. रविवारी अकरा वाजता वरचं पार्किंग भरलं होतं, त्यामुळे खालपासून रांग. दहा फूट पुढे, थांब. दहा फूट पुढे, थांब. प्रत्येक वेळी पहिला गिअर, अर्धा क्लच, उजवा पाय एकाच वेळी ब्रेकवरही हवा आणि ॲक्सिलरेटरवरही. रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, इंजिन मंद तर पंखा मंद. समोरून वारा नाही. तापमानाचा काटा शेवटच्या रेघेला टेकला.

तिसऱ्या वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद. स्टार्टर फिरतोय, इंजिन धरत नाही. ब्रेकवर उभा राहिलो तरी गाडी इंचाइंचाने मागे. मागे एक नवीकोरी पांढरी एसयूव्ही, तिच्या आणि माझ्या बंपरमध्ये चार बोटं अंतर, आणि तो हॉर्न वाजवतोय. भाचा शेजारी बसला होता. ‘मामा, मागे जाऊन राहिली ना गाडी!’ म्हणत त्याने चालत्या गाडीतून उडी मारली आणि कठड्याचा सुटलेला दगड चाकामागे सरकवला. दगड कचकन दबला, गाडी थांबली. माझ्या हाताला पुढची दहा मिनिटं कंप होता, खोटं कशाला बोलू.

हा व्हेपर लॉक. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून बसवलेला असतो. इंजिन तापलं की पंपात आणि नळीतच पेट्रोलची वाफ होते. पंप बुडबुडे ओढत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा. आता पेट्रोल पंपांवर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्याने जुनी रबरी नळी आणि इंजिनावरच्या पंपातला पडदाही खराब होतो, ते वेगळंच. क्लबच्या पिकअपमधून चाचा चढत वर आले. चाळीस वर्षं याच गाड्या दुरुस्त करताहेत. बोनेट उघडलं, काही बघितलं नाही, विचारलं नाही. माझ्या गळ्यातला दुपट्टा ओढून घेतला, पाण्याच्या बाटलीत बुचकळला आणि पंपाला गुंडाळला. चर्र आवाज झाला, वाफ उठली, ओल्या कापडाचा आणि पेट्रोलचा मिसळलेला वास आला. मग रेडिएटरचं झाकण उघडायला गेलेल्या भाच्याच्या हातावर त्यांनी चापट मारली. ‘चेहरा जलेगा बेटा.’ चाळीस मिनिटं आम्ही तसेच. रांग बाजूने जात राहिली, प्रत्येक गाडीतून एक तरी मोबाइल बाहेर.

यावर उपाय मला गेली दोन वर्षं माहीत आहे. मागे टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवायचा. तिथे उष्णता नाही, आणि तो मागून पेट्रोल ढकलतो, त्यामुळे वाफ धरायला वावच राहत नाही. मी बसवला नाही, कारण क्लबच्या स्पर्धेत मूळपणाचे गुण जातात. खिंडसीला परीक्षक बोनेट उघडून बघतात: रंग, क्रोम, वायरिंग, हॉर्न, सगळं जुन्यासारखं हवं. आज पहिलं बक्षीस लँडमास्टरला मिळालं. जेवताना काकांनी हळूच सांगितलं की त्यांच्या गाडीत इलेक्ट्रिक पंप आहे, मागच्या सीटच्या गालिच्याखाली. स्विच ॲशट्रेमध्ये.

तर माझा निकाल असा. इलेक्ट्रिक पंप नसेल तर गडावर जुनी गाडी नेऊ नका. आठच्या आत पोचत असाल तर न्या, नऊनंतर बिलकूल नाही. कार्तिकातल्या त्रिपुरीच्या जत्रेत आणि रामनवमीला तर रामटेकात गाडीच आणू नका. पायऱ्या आहेत, चढा. क्लबात सगळे धडधाकट आहेत, आणि ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना खालून ऑटो मिळतो. नेलीच तर शेजारी हलका आणि चपळ माणूस बसवा, त्याच्या पायाशी लाकडी ठोकळा ठेवा. कठड्याचा दगड दर वेळी सुटलेला नसतो. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा; ड्रम ब्रेक तापले की पायाखाली नुसता स्पंज लागतो.

मी देवळात गेलोच नाही. भाचा एकटा जाऊन वराहाच्या मूर्तीखालून सरपटत निघून आला आणि आपण पापी नाही हे सांगत बसला. कालिदास स्मारकही राहिलं.

वर न गेल्याचा एक फायदा झाला. वर उभ्या असलेल्या जीपवर वानरं बसली. लंगुरं, काळ्या तोंडाची, एक बोनेटवर, एक आत ड्रायव्हरच्या जागी. सीटचा फोम बाहेर, टपाच्या कॅनव्हासला हातभर चीर. हो, तीच निरोपवाली जीप. मी हसलो नाही. मॉरिसच्या पुढच्या काचेभोवतीची रबरी पट्टी, म्हणजे बीडिंग, मात्र त्यांनी ओढून काढली, त्याचं खरंच वाईट वाटलं. उघडी गाडी असेल तर वर कुणाला तरी राखणीला बसवा, खाऊ आत ठेवू नका.

आता पार्किंग. गाडी उलटी उतरवून (त्याबद्दल बोलणार नाही) गडाखाली एका रिकाम्या प्लॉटवर लावली. सगळ्या गाड्यांना पन्नास रुपये. पावती फाडणारा फियाटभोवती एक चक्कर मारून आला.

‘शूटिंगची गाडी आहे ना ही?’

‘नाही भाऊ, माझी आहे.’

‘शूटिंगचे तीनशे लागते.’

‘अरे पण शूटिंगच नाही!’

‘मग हे लोकं काहून फोटो काढून राहिले?’

याला उत्तर नव्हतं. पंधरा मिनिटं उन्हात वाद घालून दीडशेवर आलो. थोड्या वेळाने परत आलो तर त्याची दोन पोरं माझ्या बोनेटवर बसलेली, तो फोटो काढतोय, आणि शेजारच्या कुटुंबाला ‘थांबा, यांचं होऊ द्या’ म्हणतोय. गाडीच्या फोटोचे त्याने त्यांच्याकडून किती घेतले ते मी विचारलं नाही. जुन्या वॅक्सवर चिमुकल्या बोटांचे ठसे उमटलेत, उद्या बघू. तुम्ही जाल तेव्हा गाडी आत घालायच्या आधी खिडकीतून भाव ठरवा, आणि पावतीवर आकडा लिहून घ्या. गाडी आत गेली की आपण गेलो.

क्लबने १,२०० रुपये माणशी घेतले. पोहे, जेवण, चहा, बिल्ला. जेवण खिंडसीला होतं, वांग्याची भाजी चांगली होती, तलावावर वारा होता. चाचांची मदत त्यातच धरलेली, आणि माझे सगळे पैसे तिथेच वसूल झाले. मेकॅनिक सोबत नसेल अशी ड्राइव्ह फुकट असली तरी जाऊ नका.

डिकीत हे असू द्या: पाच लिटर साधं पाणी, दोन जुने सुती दुपट्टे, पंख्याचा पट्टा, इग्निशनचे पॉइंट आणि कंडेन्सर, पंपाचा पडदा, इथेनॉलला टिकणारी रबरी नळी मीटरभर. नळी घेताना दुकानदाराला दोनदा विचारा. साधी नळी दिसायला तशीच असते आणि सहा महिन्यांत भेगाळते. टूलकिटबद्दल मी सांगायची गरज नाही.

परतताना मनसरपर्यंत फियाट शिवणयंत्रासारखी चालली. ऊन उतरलं होतं, दोन्ही काचा खाली, पंपाला ओला दुपट्टा तसाच बांधलेला, भाच्याच्या हातात रामटेकच्या पानांची पुडी. तेव्हा वाटलं पुढच्या मोसमात परत यावं. आत्ता पोटरी ठणकतेय, आत्ता विचारू नका.

इलेक्ट्रिक पंपाचं मी ठरवलंय. माझ्या गाडीत ॲशट्रे नाही, स्विच कुठे लपवायचा ते सुचवा. आणि मॉरिसवाल्यांना पुढच्या काचेची बीडिंग हवी आहे, कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर पहिल्या रविवारी कस्तुरचंद पार्कला घेऊन या. तुकडे नकोत, अखंड हवी.