पूल नसलेल्या नदीकाठी

नोकरीनिमित्त जर्मनीतील माइन्झ शहरात राहत असताना मी तिथल्या जुन्या बाजारातून एक वापरलेली सायकल विकत घेतली. तीन गिअर, पुढच्या टायरला घासून चालणारा डायनॅमो आणि एक खणखणीत घंटी एवढाच तिचा थाट होता. मागच्या चाकाला हाताचा ब्रेक नव्हता. पॅडल उलटे दाबले की चाक थांबत असे. तिकडच्या जुन्या सायकलींत ही रचना सर्रास आढळते. पॅडल मोकळे मागे फिरत नसल्यामुळे सिग्नलला थांबण्यापूर्वीच उजवे पॅडल वर आणून ठेवावे लागते, नाहीतर पुन्हा निघताना पाय जोर लावणार कुठे? मुंबईत वाढलेली माझी बोटे मात्र बरेच दिवस नसलेला ब्रेक शोधत राहिली.

सुटीच्या दिवशी लोकल गाडीत सायकल चढवून मी बिंगेनला उतरत असे. तिथून कोब्लेन्झपर्यंत ऱ्हाईन नदी स्लेटच्या डोंगरांतून वाट काढते. सुमारे ६५ किलोमीटरच्या या खोऱ्याला २००२ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. डोंगरउतारांवर द्राक्षमळे आणि दोन्ही काठांना रेल्वे असली, तरी पाण्यालगतची वाट बहुतेक सपाट असल्यामुळे तीन गिअर पुरून उरतात. काठावरच्या मोठ्या पाट्यांवर कॉन्स्टान्झच्या पुलापासूनचे अंतर लिहिलेले असते. त्या पाट्या जहाजांसाठी आहेत, पण मलाही त्यांचा मोठा आधार वाटे. प्रवाहाविरुद्ध निघालेली, मालाने लादलेली बार्ज इतकी संथ सरकते की तिच्या बरोबरीने सायकल मारता येते.

या खोऱ्याची खरी खूण किल्ले नसून पुलांचा अभाव ही आहे, असे माझे मत आहे. माइन्झ सोडल्यानंतर थेट कोब्लेन्झपर्यंत ऱ्हाईनवर एकही पूल नाही. बिंगेनजवळ एक रेल्वेपूल होता, तो १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला आणि त्याचे अवशेष आजही नदीत उभे आहेत. त्यामुळे पलीकडे जायचे तर फेरीबोट गाठावी लागते आणि दिवसाचे वेळापत्रक तीच ठरवते. काउबला नदीच्या मधोमध चौदाव्या शतकात बांधलेला जकातीचा किल्ला आहे. तिथे प्रवाहाला ओढ इतकी आहे की फेरीबोट सरळ न जाता नाक प्रवाहाच्या उलट दिशेने तिरके धरून पाणी कापते. किल्ल्याचे तिकीट काढण्यापेक्षा सायकलचे हँडल धरून हे पाहणे मला अधिक आवडे. (येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जकात उकळण्यासाठी इतके देखणे नाके कोणी बांधले असेल, यावर टोलनाक्यांच्या रांगांत उभ्या राहिलेल्या मुंबईकराचा चटकन विश्वास बसत नाही.)

याच खोऱ्यातल्या सांक्ट गोआर गावाच्या परिसरात पूल बांधण्याची चर्चा कित्येक वर्षे चालू आहे. देखाव्याला बाधा येईल, असे एक पक्ष म्हणतो; रात्री फेरीबोट बंद झाली की समोर दिसणारे गाव लांब पडते, असे दुसरा. आपल्याकडे वर्सोवा आणि मढ यांच्यामध्येही पुलाचे घाटत आहे, आणि तिथल्या बोटीत दुचाकी चढवून खाडी ओलांडण्याची मजा मी घेतलेली असल्यामुळे माझा कल उघडपणे बोटीकडे होता. मढला राहणाऱ्या मावशीला मी काउबचे वर्णन रंगवून सांगितले आणि पुलाने ही मजा जाईल, असेही म्हटले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “रात्री बोट बंद झाल्यावर मालाडवरून वळसा घालून ये एकदा, मग बोलू आपण.”