शिबिर दोन दिवसांचे, परवानगी पाच आठवड्यांची

जागावाले म्हणतात, परवानगीचे पत्र दाखवा, मग तारीख पक्की करतो. कार्यालय म्हणते, जागेचे पत्र जोडा, मग फाईल वर पाठवतो. आठवी-नववीच्या 48 मुलांचे नेतृत्व शिबिर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घ्यायचे होते, दोन दिवस आणि एक रात्र. पाचपैकी तीन आठवडे या दोन वाक्यांच्या मध्येच गेले.

सुटका अशी. जागावाल्यांकडे पक्के आरक्षण मागायचेच नाही, 'तात्पुरते आरक्षण' असे पत्र मागायचे. त्यात तारखा, खोल्या किती, मुलींची सोय वेगळी आहे का, स्वच्छतागृहे किती, आणि 'परवानगी मिळताच आरक्षण कायम होईल' हे एक वाक्य. त्या वाक्यावर फाईल हलली. पहिल्याच दिवशी खिडकीवर कुणी हे सांगितले असते तर चार फेऱ्यांचे पेट्रोल वाचले असते. आपणहून सांगत नाहीत.

हललेली फाईल आठवड्याने परत आली. शेरा होता, 'संमतीपत्रांतील तारखा जुळत नाहीत.' शिबिर मधल्या काळात शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर सरकले होते आणि पालकांच्या सह्या जुन्या तारखांवर होत्या. 48 संमतीपत्रे पुन्हा! खाडाखोड करून चालत नाही, आणि रागावलो असलो तरी मान्य करतो, चालूही नये. पालकाने नेमका कशाला होकार दिला तेच मग कळत नाही. म्हणून तात्पुरते पत्र हातात येईपर्यंत संमतीपत्र छापू नका. छापाल तेव्हा पर्यायी तारीखही त्यातच घाला.

तिसरी अडचण बसची. अर्जात बसचा क्रमांक हवा होता. भाड्याच्या बसचा क्रमांक आदल्या संध्याकाळपर्यंत कुणाला ठाऊक असतो? आरक्षणाची पावती जोडली, 'क्रमांक निघण्यापूर्वी कळवू' असे लिहिले, भागले. सोबतच्या शिक्षकांच्या यादीत शिक्षिका किती, हे ठळक लिहा. आम्ही 12 मुलांमागे एक मोठे माणूस धरले होते, चारांत दोन शिक्षिका.

शिबिर त्या मानाने सोपे गेले. चिवटपणावर तासभर भाषण ठेवू नका, मुले माना डोलावतात आणि विसरतात. आठ-आठ जणांचे सहा गट केले, प्रत्येकाला एक ताडपत्री, चार बांबू, दोरी आणि 25 मिनिटे. आतून एकाला झोपता येईल असा निवारा उभा करायचा. अट एकच: नेत्याने दोरीला हात लावायचा नाही, फक्त बोलायचे. नाहीतर गटातला सर्वांत हुशार मुलगा एकटाच सगळे बांधतो आणि बाकीचे सात बघे. दर फेरीला नेता बदलायचा, गप्प बसणाऱ्यांची पाळी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. पहिल्यात ती बुजतात.

ताडपत्री कोसळते ती बहुधा एकाच कारणाने. दोरीचा ताण सगळा एका बाजूला, समोरचा खुंटा सैल. शिक्षकाला हे लगेच दिसते आणि त्याचे हात शिवशिवतात. तिथेच शिबिर वाया जाते. खिशात हात घालून उभे राहायचे, कोसळू द्यायचे. मग वीस मिनिटे गोलात बसून तीनच प्रश्न: काय ठरवले होते, काय झाले, पुढच्या फेरीत काय बदलणार. 'कुणामुळे पडले' हा प्रश्न विचारायचा नाही. दुसऱ्या फेरीत पाच निवारे उभे राहिले.

संमतीपत्राच्या मागच्या बाजूला दम्याचा पंप, ॲलर्जी आणि चालू गोळ्या यांच्यासाठी जागा ठेवा. जवळचे सामाजिक आरोग्य केंद्र वाळपईला, मोठे काही झाले तर बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ. रुग्णवाहिकेचा 108 सगळ्यांना पाठ असतो, पण मोबाईलला रेंज अंगणाच्या कुठल्या कोपऱ्यात मिळते ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

थंडीपासून पावसापर्यंतच्या कोरड्या दिवसांत सत्तरीच्या रानात माकडताप लक्षात ठेवायलाच हवा. तो गोचिडांमधून पसरतो. पूर्ण बाह्या, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, पाचोळ्यावर बसायचे नाही, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंग तपासणे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचे. आधी विचारा, त्या भागात यंदा रुग्ण निघालेत का. निघाले असतील तर जागा बदला, पुन्हा पत्रे करावी लागली तरी.

हो, पदेराला, म्हणजे पाववाल्याला, आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. तो पहाटे भोंगा वाजवत येतो तेव्हा टोपलीत गावापुरतेच पाव असतात, आणि भाजीसोबत 48 मुले दीडशे सहज संपवतात.