एक्झिम सोर्सवरून टाकू की ॲप्टने?

परवा एका मित्राने हेच विचारलं. एक्झिम म्हणजे मेल पाठवणारा-घेणारा सर्व्हर प्रोग्रॅम; तो सोर्स कोडवरून स्वतः बनवून टाकायचा की डेबियन या लिनक्सच्या ॲप्ट कमांडने तयार पॅकेज घ्यायचं, असा प्रश्न. मी लगेच ॲप्ट म्हणालो, कारण २०१९ चा जून मी विसरलेलो नाही.

तेव्हा फोंड्यातल्या ऑफिसचा मेल मी स्वतः कंपाइल केलेल्या (सोर्सवरून बनवलेल्या) एक्झिम ४.९१ वर चालवायचो. युजरची यादी मायएसक्यूएल या डेटाबेसमधून वाचायची होती आणि डेबियनच्या लाइट पॅकेजमध्ये ती सोय नाही, मग एडिटमी ही सेटिंगची फाइल कॉपी केली, मायएसक्यूएलची ओळ चालू केली, मेक, मेक इन्स्टॉल या बनवून टाकायच्या कमांड दिल्या, एका संध्याकाळचं काम. तिथेच हेवी नावाचं दुसरं पॅकेज आहे आणि त्यात मायएसक्यूएल आधीपासून असतं, हे मी बघितलंच नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला एक्झिमच्या ४.८७ ते ४.९१ व्हर्जनमधला सुरक्षेचा होल जाहीर झाला. मेलच्या पत्त्यातच कमांड लिहून पाठवायची आणि एक्झिम ती रूट म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार वापरून चालवणार, इतकं भयंकर. घरच्या डेबियनवर ४.८९ होता, म्हणजे माझ्यापेक्षा जुना, तरी तो वाचला, कारण डेबियनवाल्यांनी ५ जूनलाच त्या जुन्या व्हर्जनला पॅच (दुरुस्ती) लावून दिला, आकडा तोच, फक्त शेवटची शेपटी बदलली आणि रात्रीत आपोआप अपडेटही झालं. ऑफिसचा ४.९१ मात्र तसाच उघडा. खरं तर फेब्रुवारीत आलेल्या ४.९२ मध्ये हा होल नव्हताच, पण मेक इन्स्टॉल केलेल्या गोष्टीची आठवण कोण करून देणार?

मग एका सकाळी साहेबांचा फोन, "मेल येना रे." पाऊस नुकताच लागलेला, लाईट सारखी जात होती, मला वाटलं यूपीएस गेला असणार. क्यू, म्हणजे जायच्या मेलची रांग, बघितली तर फ्रोझन (अडकलेले) मेल पडलेले आणि पत्त्याच्या जागी रूट, अधिकचं चिन्ह, डॉलर, महिरपी कंस, रन, पुढे लांबलचक कमांड. रूटच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, मी कधीच न लिहिलेली एक ओळ, कुठूनतरी स्क्रिप्ट ओढून आणणारी. हात गार पडले. मशीन पुसून नव्याने उभं केलं, दोन दिवस मेल बंद, अकाउंट्सच्या बाईंची बिलं अडकली.

आता तिथे हेवी पॅकेज आहे. एखादा ऑप्शन खरंच पॅकेजमध्ये नसेल तर ॲप्ट सोर्सने डेबियनचाच सोर्स घ्या, बदल करा आणि डेब (डेबियनचं पॅकेज) बनवून टाका, म्हणजे कुठली फाइल कुठे गेली हे डीपीकेजीला, म्हणजे पॅकेजची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, माहीत असतं आणि पुढचा सिक्युरिटी अपडेट आला की ॲप्ट सांगतं. मित्रालाही हेच सांगितलं, त्याने रात्रीच हेवी टाकलं.