रत्नागिरीतला एक दिवस

आज रत्नागिरीतली जुनी घरं बघायला निघालो होतो. ठरवलं होतं भराभर चार-पाच ठिकाणं करायची, पण थिबा राजवाड्यातच दुपार झाली.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याला इथे आणून ठेवलं. हा राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये राजा गेला. म्हणजे चोवीसेक वर्षं वाट बघून मिळालेल्या घरात तो जेमतेम सहा वर्षं राहिला! वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल लाकडी खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला. कोरीवकामाच्या खाचांत धूळ साचलेली, पण नक्षी अजून बोटांना लागते. हे लाकूड असंच टिकायला हवं, फार मनापासून वाटतं.

त्याची थोरली मुलगी नंतर रत्नागिरीलाच परतली आणि इथेच संसार करून इथल्याच मातीत मिसळली. मला राजापेक्षा तिचीच आठवण जास्त येत राहिली.

मग टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म 1856 चा, याच कौलारू घरातला. किती साधं घर आहे! पायऱ्यांवर थोडा वेळ नुसता बसलो. पतितपावन मंदिर घाईतच पाहिलं, 1931 चं, सर्व जातींसाठी खुलं म्हणूनच बांधलेलं. त्यासाठी पुन्हा यायचंय.

थिबाची समाधी राहिलीच. उद्या सकाळी आधी तिकडे.