पुणे ते ऱ्हाइनकाठ, सोबत रॉटवायलर: परवान्यांचा वृत्तांत

आमचा रॉटवायलर जातीचा कुत्रा भैरू याला आम्ही पुण्याहून जर्मनीला नेणार होतो. ‘जर्मनीत रॉटवायलरवर बंदी नाही’ हे पुण्यातल्या एजंटचे वाक्य अक्षरशः खरे होते आणि तरीही त्याने आमची पुरती दिशाभूल केली. जर्मनीचा 2001 सालचा केंद्रीय कायदा पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर या चार जाती व त्यांचे संकर देशात आणण्यास मनाई करतो. त्या यादीत रॉटवायलर नाही. मात्र कुत्रा पाळायचा कोणी आणि कोणत्या अटींवर, हे तिथले प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. आम्ही ज्या राज्यात जाणार होतो त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलियाच्या कायद्याने रॉटवायलरसह दहा जातींना परवाना बंधनकारक केलेला आहे. हा कायदा 1 जानेवारी 2003 पासून लागू आहे, म्हणजे एजंटच्या कानावर न येण्याइतका तो नवा नक्कीच नाही.

याच एजंटने ‘ब्रीड क्लिअरन्स’ म्हणजे जातीची मंजुरी या नावाखाली आमच्याकडून ₹35,000 वेगळे घेतले आणि त्या बदल्यात केंद्रीय नियमांची एक छापील प्रत आमच्या हातात ठेवली. रॉटवायलरसाठी असा कोणताही दाखला जर्मन केंद्र सरकार देत नाही, त्यामुळे त्यासाठी कोणी पैसे मागितले तर सरळ उठून यावे. भारताच्या केंद्र सरकारच्या 12 मार्च 2024 च्या परिपत्रकाची भीतीही त्याने घातली होती. त्या परिपत्रकात रॉटवायलरसह तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी असे राज्यांना कळवले होते, परंतु आपला कुत्रा परदेशी नेण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये ते रद्दही केले. या भीतीपोटी कोणीही घाईने तिकीट काढू नये.

खरा त्रासाचा टप्पा जर्मनीतला परवाना हाच आहे, त्यामुळे बाकी सगळे बाजूला ठेवून आधी त्याकडे पाहावे. अर्जदाराचे वय किमान अठरा वर्षे हवे. त्याच्याकडे चारित्र्याचा सरकारी दाखला हवा. कुत्र्याला मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखक्रमांकाची चिप) हवी. घर असे हवे की कुत्रा आपल्या मर्जीने बाहेर पडू शकणार नाही. आणि शारीरिक इजेसाठी किमान 5,00,000 युरो व इतर नुकसानीसाठी किमान 2,50,000 युरो संरक्षण देणारा विमा हवा. याशिवाय कुत्रा सांभाळण्याचे ज्ञान आहे हे परीक्षा देऊन सिद्ध करावे लागते. माझी पत्नी नोकरीनिमित्त आधीच तिकडे असल्याने अर्ज तिच्या नावाने केला. तिने जर्मन भाषेतून परीक्षा दिली, घरमालकाचे लेखी संमतीपत्र मिळवले आणि परवान्याचे काम मार्गी लावले. हे सर्व कुत्रा पुण्यात असतानाच उरकावे, असे मी अत्यंत कळकळीने सांगतो.

एजंट, नातेवाईक, ओळखीचे कुत्रेवाले यांपैकी कोणीही न सांगितलेली गोष्ट यापुढची आहे. परवाना एकाच्या नावाने निघाला म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाला कुत्रा बाहेर नेता येत नाही. जो पट्टा धरणार त्यालाही वयाची, चारित्र्याची आणि ज्ञानाची अट लागू होते. भैरूला पिलापासून मी वाढवले, विमानतळावरून मीच घेऊन आलो, पण माझी परीक्षा होईपर्यंत त्याला खालच्या पदपथापर्यंत नेण्याचाही मला अधिकार नव्हता. पत्नी कामावरून धावपळ करीत येई, कोट न काढताच त्याला मुसके बांधी आणि दोघे जिना उतरत, कारण बहुमजली इमारतीच्या जिन्यात आणि लिफ्टमध्येही पट्टा सक्तीचा आहे. मी खिडकीतून पाहत बसे. त्या आठवड्यांनी आम्हा तिघांनाही थकवून टाकले. जोडप्याने जायचे असेल तर दोघांनीही परीक्षेची तारीख आधी घ्यावी. जर्मन येत नसेल तर शिकायला आजच सुरुवात करावी.

भारतातल्या कागदपत्रांत क्रम हेच सर्वस्व आहे. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. उलट झाले तर युरोपीय संघ ती लस धरत नाही. आपल्याकडे पिलांना लस आधी टोचली जाते आणि चिपचा विषय परदेशी जायचे ठरल्यावर निघतो, त्यामुळे जुन्या लसीच्या पुस्तिकेवर विसंबू नये. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवावे लागते, लसीने रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलिटर 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक यावे लागते, आणि रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबावे लागते. शेवटचे आरोग्य प्रमाणपत्र मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन (ने-आण होणाऱ्या प्राण्यांची तपासणी करणाऱ्या) सरकारी कार्यालयातून घ्यावे. त्यानंतर दहा दिवसांच्या आत युरोपात पोहोचायचे असते आणि मालकाचा व कुत्र्याचा प्रवास पाच दिवसांपेक्षा अधिक अंतराने होता कामा नये.

विमान मुंबई ते फ्रँकफर्ट थेट घ्यावे. दुबईमार्गे स्वस्त पडते असे सांगणारे भेटतील, परंतु संयुक्त अरब अमिरातीत रॉटवायलरच्या आयातीला मनाई आहे आणि विमान चुकले तर कुत्र्याचे काय, या प्रश्नाला तिथे चांगले उत्तर नाही. मजबूत क्रेटच्या (प्रवासी पिंजऱ्याच्या) अटी विमान कंपनीकडून लेखी घेऊनच क्रेट बनवावा. ज्याचा कुत्रा क्रेटमध्ये रात्रभर शांत झोपत नाही त्याने हा प्रवास योजूच नये. फ्रँकफर्टला पशुवैद्यांनी चिप वाचून पंधरा आकडे कागदाशी ताडून पाहिले आणि आम्ही सुटलो. या भागाबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मुसके आणि पट्टा यांतून सवलत हवी असेल तर सरकारी पशुवैद्य किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञ यांच्यासमोर वर्तनचाचणी द्यावी लागते. त्या चाचणीत भैरूच्या अगदी जवळ एका बाईंनी अचानक छत्री उघडली, मग एक माणूस धावत अंगावरून गेला, सायकल घंटा वाजवीत आली. त्याने छत्रीकडे मान वळवली, माझ्याकडे पाहिले आणि खाली बसला. त्या क्षणी मला झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही, आणि म्हणूनच सांगतो की जाण्यापूर्वी पुण्यातल्या गर्दीत, लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी, कुत्र्याला हे सारे दाखवून ठेवावे. मुसक्याची सवयही इथूनच लावावी.

नोकरीचे ठिकाण निवडण्याची मोकळीक असेल त्याने लोअर सॅक्सनी किंवा श्लेस्विग-होल्स्टाइन निवडावे, कारण तिथे धोकादायक ठरवलेल्या जातींची यादीच नाही. बव्हेरिया आणि हेसेन या दोन्ही राज्यांत रॉटवायलर यादीत आहे. बव्हेरियात तज्ज्ञाच्या अहवालावरून नगरपालिका दाखला देते. श्वानकर स्थानिक संस्था ठरवते आणि अनेक शहरांत यादीतल्या जातींना तो कित्येक पट असतो, तेव्हा भाड्याचे घर ठरवण्यापूर्वी त्या शहराचा दर पाहावा. सुरुवातीला सांगितलेल्या पिटबुल वगैरे चार जातींपैकी कुत्रा असलेल्यांनी कायमचे राहायला जर्मनीचा विचार सोडून द्यावा; केंद्रीय संविधान न्यायालयाने 2004 साली ही आयातबंदी वैध ठरवली आहे.

शेजारी फ्रान्समध्ये सुटीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे रॉटवायलर धोकादायक कुत्र्यांच्या दुसऱ्या वर्गात मोडतो आणि सार्वजनिक जागी पट्टा व मुसके दोन्ही लागतात. जर्मन चाचणीने मिळालेली सवलत सीमेपलीकडे चालत नाही.