तीनच आवाज

आज गाडीला कुलूप लावून मी पुढे चालू लागलो होतो, तेवढ्यात आईने मागचे डावे दार सहज उघडून राहिलेली पिशवी काढून घेतली. मी थबकलो, तर ती म्हणाली, "ते दार कुठं लागतं? मी रोज आतून खुंटी दाबते, आज राहिली."

रोज! रिमोटचे बटण दाबले की टक् असा आवाज येतो आणि मी पाठ फिरवतो. तो आवाज चारऐवजी तीनच दारांचा आहे, हे इतक्या दिवसांत माझ्या कानाला कळले नाही. कुलुपापेक्षा मला लागले ते हे, की ही गोष्ट माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक होती आणि मला कोणीही सांगितली नाही. गाडीचे हप्ते, तेल, टायर सारे मी पाहायचे आणि दार उघडे राहते एवढेही मला कळू नये! दादाला मात्र... ते जाऊ दे.

त्याच रागात दुपारी दाराचे पॅनेल उतरवले आणि घाईने दोन क्लिपा मोडल्या. बाकीची तीन दारे लागत होती, त्यामुळे सामाईक फ्यूज शाबूत असणार हे उघड होते. जुन्या गाडीत अशा वेळी दारातली छोटी मोटर गेलेली असते, म्हणून मी तिला तपासण्याआधीच मोडीत काढले होते. तरीही कनेक्टर सोडवून तिच्या दोन टोकांना बॅटरीतून क्षणभर १२ व्होल्ट दिले, तर खुंटी खाली गेली; तारांची अदलाबदल केली, तर वर आली. म्हणजे मोटर ठणठणीत होती आणि तिच्यापर्यंत काही पोहोचतच नव्हते.

न पोहोचणे हा शब्द तिथेच मनात अडकला. मला खरेच कोणी सांगितले नव्हते का? "त्या दाराकडे बघ जरा," असे आई एकदा, बहुधा दोनदा म्हणाली होती आणि मी "हं" म्हटले होते, हे मला पॅनेल मांडीवर घेऊन बसल्यावर आठवले.

कुलुपाला वीज क्षणभरच मिळते आणि डिजिटल मीटरला तेवढ्यात आकडा धरता येत नाही, म्हणून कनेक्टरला छोटा दिवा जोडला आणि रिमोट आईच्या हाती दिला. "लावू? काढू? लावू?" असे ती विचारत राहिली आणि मी दार थोडे थोडे फिरवत राहिलो. दार सताड उघडले की दिवा लुकलुके, मिटत आणले की काहीच नाही. दोष बिजागरीपाशी, दार आणि खांब यांमधल्या रबरी नळीत असणार. नळी मागे सारून एकेक तार हलकेच ओढली. एक तार रबरासारखी ताणली गेली. वरचे आवरण धड होते, आतले तांबे मात्र प्रत्येक उघडझापीत वाकून वाकून तुटले होते. तुटलेली टोके जागच्या जागी जोडली असती, तर सांधा पुन्हा त्याच वाकणावर आला असता, म्हणून तारेचा नवा, किंचित सैल तुकडा घालून दोन्ही सांधे नळीबाहेर घेतले, डाख दिला आणि वर आवरण चढवले.

संध्याकाळी चारही दारे लागली. आईने तरीही मागचे डावे दार ओढून पाहिले, आणि मी काही बोललो नाही. त्या दोन क्लिपांवाचून पॅनेल आता खडखडते. तिने ते ऐकले असणारच. अजून तरी ती काही बोललेली नाही.